सिद्धीच्या तोंडात काय काय जातं

डॉक्टरांनी सांगितलेलं विसरायला नको म्हणून महानंदानं मेट्रोतच लिहायला घेतलं. वही तिच्या लेकीची, सिद्धीची, पेन्सिलही सिद्धीचीच, मागच्या टोकाला चावून चावून पांढरी पडलेली. पानाच्या वर तिनं मथळा घातला: सिद्धीच्या तोंडात काय काय जातं. मग हातातल्या पेन्सिलीकडं बघितलं आणि पहिली वस्तू लिहिली.

१. पेन्सिल.

पर्समध्ये रिपोर्टची घडी होती. त्यावर एका आकड्याभोवती गोल काढलेला. अडतीस. सिद्धीच्या रक्तात शिसं आहे, असं मल्लेश्वरमच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. श्रीहर्ष नाव त्यांचं, वयानं महानंदाच्या धाकट्या भावाएवढे, बोलणं सावकाश आणि कन्नडमधून. शिसं म्हणजे तेच, ज्याला महानंदाचा नवरा कल्लाप्पा कामावर लेड म्हणतो. माणसाच्या रक्तात ते मुळी असायलाच नको. पाचाच्या वर गेलं की काळजी करायची, पंचेचाळिसाच्या वर गेलं की दवाखान्यात ठेवून औषध द्यायचं. पोट दुखणं, रक्त कमी होणं, चिडचिड, वर्गात बसल्या जागी हरवून जाणं, हे सगळं त्याच्यामुळं. गेल्या आठ महिन्यांत जंताचं औषध झालं होतं, टॉनिक झालं होतं, दृष्टही काढून झाली होती.

"भरून येईल ना सगळं?" महानंदानं विचारलं होतं.

डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या आकड्याभोवती पेनानं गोल काढला. मग ते म्हणाले, मेंदूचं जेवढं नुकसान झालं असेल ते सगळं भरून येईलच असं सांगता येत नाही. पण जेवढं व्हायचं राहिलंय ते थांबवता येतं. शिसं कुठून येतंय ते शोधा. घरात काय खाल्लं जातं, काय लावलं जातं, काय जाळलं जातं, काय फवारलं जातं, सगळं लिहून आणा. घरात धूळ साचू देऊ नका. तीन आठवड्यांनी परत रक्त तपासू.

संपिगे रोडवरून गाडी सुटली. सिद्धी खिडकीला नाक लावून बसली. पाच वर्षांची झाली तेव्हापासून तिचा एक खेळ होता, गाडी सुटली की घरापर्यंतची सगळी स्टेशनं एका दमात म्हणायची. श्रीरामपूर कुवेंपू रोड राजाजीनगर महालक्ष्मी सँडल सोप फॅक्टरी यशवंतपूर गोरगुंटेपाळ्य पीण्या. शेजारी बसलेली माणसं हसायची, कुणी शाबास म्हणायचं.

"श्रीरामपूर," सिद्धी म्हणाली. "कुवेंपू रोड."

थांबली.

"सँडल सोप फॅक्टरी."

थांबली.

"आई, मग?"

महानंदानं वही मिटली.

२. हळद (सासूबाईंची).

हे लिहिताना तिला जरा बरंच वाटलं, उगाच खोटं कशाला बोला. ठकुबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, निपाणीजवळच्या गावाहून दर वर्षी हळद पाठवत आणि सोबत निरोपही, की बाजारची आणू नका, त्यात काय घालतात कुणास ठाऊक. आता डॉक्टरांनी आपणहून हळदीचं नाव घेतलं होतं. रंग उठून दिसावा म्हणून कुठं कुठं तिच्यात शिशाची पिवळी पूड मिसळतात म्हणे. महानंदानं बरणी खाली उतरवली. पिवळीधमक.

संध्याकाळी कल्लाप्पा कामावरून आला तेव्हा बरणी ओट्यावरच होती.

"माझ्या आईनं विष पाठवलं म्हणतीस?"

"मी कुठं म्हटलं? डॉक्टर म्हणले."

"डॉक्टरला माझी आई ठाऊक हाय?"

तेवढ्यावर विषय संपला. पण बरणी त्यानं स्वतःच उचलून माळ्यावर टाकली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरची आमटी पांढरट झाली.

३. काजळ. जत्रेतली डबी. टाकली.

४. खिडकीच्या गजांचा हिरवा रंग. पोपडे निघतात. सिद्धी तिथंच बसून शाळेची व्हॅन बघते. घरमालकाला सांगितलं. तो म्हणाला स्वल्प थांबा, उगादीला रंगवतो. उगादीला चार महिने होते. कल्लाप्पानं गजांना जुनी चादर बांधली.

५. डासांची कॉईल. ६. फिनेल. ७. बाथरूमचं अ‍ॅसिड. ८. डांबराच्या गोळ्या.

या चौघांबद्दल तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. महानंदाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मोरी, पण आरशासारखं. झाडून काढायचं, फिनेलनं दोनदा पुसायचं, आठवड्यातून एकदा मोरीत अ‍ॅसिड. तो वास नाकात गेला की तिला वाटायचं, आता घर स्वच्छ झालं. शेजारणी म्हणायच्या, अक्काच्या घरी जमिनीवर जेवावं. मधे एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी यादी वाचून घेतली, म्हणजे तिनंच ती कन्नडमधून वाचून दाखवली, कारण लिहिली होती मराठीत. ते म्हणाले, यातून शिसं येत नाही. पण लहान मुलाच्या छातीला हा धूर आणि हा वास बरा नव्हे, बंद करा. म्हणजे शोधायचं ते सापडलं नाहीच, आणि वर हेही कळलं की सहा वर्षं ती आपल्या हातानं लेकीला हे हुंगवत आली होती.

कॉईल बंद झाली. सिद्धीच्या हातापायांवर डासांचे लाल ठिपके उठले.

९. सिद्धीच्या अप्पांचे कामाचे कपडे.

यावर आडवी रेघ आहे. रेघ कल्लाप्पानं मारली.

कल्लाप्पा पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका शेडमध्ये कामाला होता. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या करड्या पट्ट्या काढायच्या, नव्या बसवून बॅटरी परत विकायला तयार करायची. पट्ट्या शिशाच्या. मालक आणि अकरा माणसं, सगळी निपाणी-चिकोडीकडची, एकानं दुसऱ्याला आणलेली. पहिल्यांदा रक्त द्यायला कल्लाप्पाही गेला होता; डॉक्टरांनी तेव्हाच हे विचारून घेतलं होतं, आणि त्यानं छाती पुढं काढून सांगितलं होतं की साहेब, पोरगी झाली तेव्हापासून मी शेडमधूनच अंघोळ करून येतो. कामाचा शर्ट तिथंच, चप्पल तिथंच. घरी येतो तो धुतलेल्या कपड्यात. ते खरंच होतं. बाकीचे त्याला हसायचे. सूर्यकांत नावाचा एक जण त्याला नवरदेव म्हणायचा, कारण रोज संध्याकाळी हा साबण लावून, भांग पाडून घरी निघायचा.

"मी घरात शिसं आणतो काय?" त्यानं महानंदाला विचारलं. रागानं नाही. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

म्हणून रेघ.

१०. स्टीलचे डबे. ११. रंगीत खडू. १२. शाळेबाहेरची चिंचेची गोळी. १३. नळाचं पाणी. १४.

चौदाच्या पुढं काही नाही. आकडा लिहिला आणि पेन्सिल थांबली.

आता जी वस्तू यादीत नाही तिच्याबद्दल.

ती यादीत नाही याचं कारण ती वस्तू आहे असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आईच्या मांडीला कुणी वस्तू म्हणत नाही.

महानंदाच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. बाळ व्हायच्या आधी त्याची वाकळ शिवायची, आणि ती नव्या कापडाची नसते. वर आईचं जुनं लुगडं किंवा साडी, आत बापाचे अंगावर वापरून मऊ झालेले कपडे. बाळाला दोघांच्या अंगाची ऊब मिळते म्हणतात. सातव्या महिन्यात महानंदानं आपली वाकळ स्वतः शिवली. वर लग्नातली जांभळी साडी, आत कल्लाप्पाचे चार शर्ट. तिचा हात असा होता की टाके मोजून घातल्यासारखे पडायचे, ओळीला ओळ. शेडमधल्या माणसांच्या बायकांनी ती वाकळ बघितली आणि मग सगळ्यांना तशीच हवी झाली. कुणाला तिनं शिकवलं, कुणाला शिवून दिली. खालच्या गल्लीतल्या पवित्राला, शेडमधल्याच सुरजच्या बायकोला, तर याच वर्षी बाळंतपणाच्या आधी शिवून दिली होती, माहेरच्या माणसासारखी.

पोर वाढतं तशी वाकळ वाढवायची, हे मात्र महानंदाचं स्वतःचं. दर आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शेड धुऊन निघायची, यंत्रांना झेंडूच्या माळा पडायच्या, आणि मालक प्रत्येकाला दोन नवे शर्ट द्यायचा. वर्षभर वापरलेले जुने शर्ट मग टाकायचे. कल्लाप्पा ते टाकत नसे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरी आणायचा. जाड सुती कापड, वर्षभरात दुधावरच्या सायीसारखं मऊ झालेलं. महानंदा ते सोड्याच्या पाण्यात तीनदा धुवायची, उभे फाडायची, आणि वाकळीच्या चारी बाजूंनी नवी पट्टी जोडायची. सहा वर्षं, सहा पट्ट्या. सिद्धी आपलं वय पट्ट्यांवरून मोजायची.

आणि झोपताना वाकळीचं एक टोक तोंडात धरायची. नेहमी तेच टोक. लहानपणी एकदा तिनं सांगितलं होतं की ते गोड लागतं, आणि कल्लाप्पा दोन दिवस त्या आनंदात होता.

कुणी पोर अंगठा चोखतं म्हणून अंगठा यादीत लिहितं का?

त्या डिसेंबरात थंडी बरी पडली. सिद्धीचं पोट दुखायचं थांबेना, म्हणून महानंदानं तिला शाळेतून घरी ठेवली आणि दिवसभर वाकळीत गुंडाळून निजवली. दुपारी ऊन आलं की वाकळ गच्चीवर न्यायची, दोरीवर टाकायची आणि काठीनं बडवायची. डॉक्टर धूळ म्हणाले होते. धूळ म्हटल्यावर महानंदा कशी गप्प बसेल? आधी आठवड्यातून एकदा बडवायची ती आता रोज बडवायला लागली. करडा धुरळा उन्हात उडायचा. सिद्धीला तेवढाच विरंगुळा, म्हणून तिच्याही हातात एक छोटी काठी.

तीन आठवड्यांनी परत रक्त घेतलं.

सत्तेचाळीस.

"वाढलंय," श्रीहर्ष डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हळद बंद, काजळ बंद, गज झाकलेले, आणि आकडा नऊनं वर. "म्हणजे अजून येतंय. आणि आधीपेक्षा जास्त येतंय. घरात काहीतरी असं आहे की ज्याच्याजवळ ती आता जास्त वेळ असते." परवा भरती करा, म्हणाले. औषध सुरू करू. पण औषधानं काढायचं आणि घरी गेल्यावर परत आत जायचं, असं झालं तर उपयोग नाही. उद्या आमची माणसं घरी येऊन बघतील.

परतीच्या गाडीत सिद्धीनं स्टेशनं म्हटलीच नाहीत. आईच्या मांडीवर डोकं टाकून पडून राहिली. श्रीरामपूर गेलं, कुवेंपू रोड गेला. महानंदानं एकेक नाव मनात म्हटलं आणि एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आश्लेषा आली. पुण्याची पोरगी, दवाखान्याबरोबर काम करणाऱ्या कुठल्याशा संस्थेत होती. दारातूनच तिला देव्हाऱ्याशेजारचं मराठी कॅलेंडर दिसलं आणि ती हसली.

"अय्या, मराठी? मी सकाळपासून तुमच्यासाठी कन्नडची प्रॅक्टिस करत होते. वाचले."

"बोला की कन्नड, आम्हाला दोन्ही चालतंय," महानंदा म्हणाली. चहा ठेवायला उठली तर आश्लेषानं तिला थांबवलं. आधी काम करू या, ताई.

तिच्या पेटीत बंदुकीसारखं एक यंत्र होतं. वस्तूवर टेकवलं की मागच्या छोट्या पडद्यावर आकडा येई. महानंदानं वही पुढं केली आणि दोघी यादीप्रमाणं निघाल्या. माळ्यावरून हळद उतरली. यंत्र टेकलं. काही नाही. आश्लेषा म्हणाली, एकदम क्लीन आहे ही, वापरा बिनधास्त. महानंदाला सासूबाईंसमोर उभं असल्यासारखं झालं. पेन्सिल, काही नाही. खडू, काही नाही. खिडकीच्या गजांवर आकडा जरा उठला, पण सत्तेचाळिसाला पुरेल एवढा नव्हे. डबे, काही नाही. नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. नवव्या ओळीवरची रेघ बघून आश्लेषानं विचारलं, आणि महानंदानं अंघोळीचं सगळं सांगितलं. आश्लेषानं मान डोलावली. असं करणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकतेय, म्हणाली.

चौदा नंबर आला.

"हे रिकामं का?"

"सुचलं न्हाई."

आश्लेषा खोलीभर नजर फिरवत राहिली. सगळं घर तिनं बघून झालं होतं. सिद्धी कोपऱ्यातल्या चटईवर वाकळीत होती, तोंड भिंतीकडं. या दोघींच्या बोलण्यानं तिची झोप चाळवली. ती कूस बदलून अलीकडं वळली, डोळे मिटलेलेच, हातानं चाचपत ते टोक शोधलं आणि तोंडात धरलं.

आश्लेषा तिच्याकडं बघत होती. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "गोधडी घरी शिवलीये?"

"मीच," महानंदा म्हणाली. आणि सवयीनं, कौतुक करणाऱ्या प्रत्येकीला सांगायची तसं पुढं सांगत गेली. वरची साडी माझी, आत ह्यांचे शर्ट. दर आयुधपूजेला...

तिथं ती थांबली.

आश्लेषा तोवर चटईजवळ बसली होती. मधल्या जांभळ्या साडीवर यंत्र टेकवलं, आकडा आला. पहिल्या पट्टीवर टेकवलं, वाढला. तिसऱ्या, चौथ्या. सहावी पट्टी दोन महिन्यांपूर्वीची, तिथं तो चार आकडी झाला. टोकाजवळ गेली तेव्हा सिद्धीच्या ओठांपासून यंत्र वीतभर अंतरावर होतं. तिथं वरचं कापड चोखून चोखून विरलं होतं आणि आतला करडा थर ओला दिसत होता. तो आकडा तिनं मोठ्यानं वाचला नाही. पडदा महानंदाकडं वळवला.

"तीनदा धुतलेत हो मी," महानंदा म्हणाली. "सोड्यात. प्रत्येक खेपेला."

"धुऊन सगळं नाही जात, ताई. विणीत बसतं, खिशांच्या शिवणीत बसतं. तुमची चूक..."

"रोज बडवत होते," महानंदा म्हणाली. "तिच्या हातात काठी दिली मी."

आश्लेषानं यंत्र बंद करून पेटीत ठेवलं.

मग तिनं काय करायचं ते नीट सांगितलं. झटकायची नाही, धुवायची नाही, जाळायची तर अजिबात नाही. कुणाला द्यायची नाही, भंगारवाल्यालाही नाही. ओल्या फडक्यानं झाकून दोन पिशव्यांत बांधायची, आम्ही घेऊन जाऊ. घर आजपासून झाडायचं नाही, ओल्यानं पुसायचं. गच्चीही.

सिद्धीच्या तोंडातून टोक सोडवायचं काम महानंदानं केलं. सिद्धी जागी झाली. वाकळ पिशवीत जाताना बघून आधी तिला ती धुवायला चाललीये असं वाटलं. मग दुसरी पिशवी आली, गाठ बसली, आणि तिनं विचारलं, "परत कधी?"

महानंदाला खोटं बोलता आलं असतं. उद्या, परवा, ऊन पडल्यावर.

"परत न्हाई, बाळा. ती आजारी करती तुला."

"वाकळ?"

"व्हय."

सिद्धीनं बराच वेळ पिशवीकडं बघितलं. रडली नाही. हल्ली तिला कुठलीही गोष्ट पोचायला वेळ लागायचा. रडली ती अर्ध्या तासानं, आश्लेषा गेल्यावर, एकाएकी, आणि तेव्हा कशासाठी रडतेय ते तिला नीट सांगताही येईना.

कल्लाप्पा साडेसहाला आला, भांग पाडून, अंगाला साबणाचा वास. महानंदानं त्याला उंबऱ्यातच सगळं सांगितलं, एकदाच, मधे न थांबता. तो तिथंच चौकटीला टेकून बसला. हात पुढं धरून उलटेसुलटे करून बघितले.

"मी अंघोळ करून यायचो," तो म्हणाला.

"ठाऊक हाय मला."

"कधी चुकवली न्हाई."

"न्हाई चुकवली."

आत सिद्धी हुंदके देत झोपायचा प्रयत्न करत होती. मग कल्लाप्पा म्हणाला, शेडमध्ये आम्ही अकराजण. सगळ्यांचे शर्ट सगळ्यांच्या घरात गेलेत. तो पुढं काहीतरी मालकाबद्दल बोलत होता, उद्या तोंडावर विचारतो म्हणत होता, पण महानंदाचं लक्ष उडालं होतं. तिला एक साडी दिसत होती, फिकट पोपटी, बारीक बुट्ट्यांची, आणि तिच्यावर आपल्याच हातचे टाके, ओळीला ओळ.

"पवित्राची मी शिवलीया," ती म्हणाली आणि चप्पल घालायला लागली.

खालची गल्ली, तिसरं दार. पवित्रा भाकऱ्या थापत होती. जमिनीवर पोपटी वाकळ पसरलेली, तिच्यावर आठ महिन्यांची लेक पालथी पडून वाकळीचे टाके नखांनी उकरत होती. एक ओढायचा, हात तोंडात घालायचा.

"या अक्का, बसा. वाकळ परत न्यायला आलाय काय?" पवित्रा हसत म्हणाली. "एकदा दिलेली परत मिळत न्हाई बघा."

महानंदा बसली नाही. वाकून तिनं आधी बाळाला उचललं. मुठीत धागा होता तो काढून घेतला.

"तीच न्यायला आलेय," ती म्हणाली.

वाकळीत शिसं निघालं हे महानंदानं सांगितलं, पण पवित्राला आधी ते पटेना. मग राग आला. शिवून झाल्यावर तिनंच सगळ्या गल्लीत मिरवली होती ती. नवऱ्याचा शर्ट तर सगळ्यांच्याच वाकळीत असतोय, ती म्हणाली, आमच्या आईनंबी असंच शिवलं, कुणाला काय झालं? महानंदानं सांगितलं की गावाकडच्या शर्टाला माती लागलेली असते, ऊस लागलेला असतो. या शर्टाला शिसं लागलेलं असतं. मग तिनं सिद्धीचे दोन्ही आकडे सांगितले, अडतीस आणि सत्तेचाळीस, आणि उद्या भरती करायची आहे हे. तव्यावरची भाकरी करपायला लागली. पवित्रानं गॅस बंद केला.

"पर शिवली कुणी?" ती म्हणाली. "तुमीच न्हवं?"

"व्हय. मीच शिवली."

दोघींत बाळ होतं. ते महानंदाचं मंगळसूत्र ओढून तोंडात घालायला बघत होतं. पवित्रानं हात पुढं केले आणि लेकीला काढून घेतलं, जरा जोरातच. तिला छातीशी धरून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. वाकळ दोघींच्या मधे जमिनीवर पडलेली.

"घ्या," शेवटी ती म्हणाली. "न्या ती."

महानंदानं मोरीतून ओलं फडकं आणलं आणि वाकळ न झटकता, कडेनं हळूहळू गुंडाळायला घेतली. आपलेच टाके तिच्या बोटांखालून सरकत गेले.

सकाळी मेट्रोत गर्दी होती. कल्लाप्पा शेडवर गेला होता, कामाला नव्हे, मालकाला आणि बाकीच्या दहाजणांना सांगायला. तिथून दवाखान्यात यायचा होता. महानंदाच्या मांडीवर कपड्यांची पिशवी, शेजारी सिद्धी, रात्रभर नीट न झोपल्यानं डोळ्यांखाली काळं. आणि समोरच्या सीटवर पवित्रा, बाळाला घेऊन. ती आपणहून स्टेशनवर आली होती. कालपासून महानंदाशी एक अक्षर बोलली नव्हती, आताही बोलत नव्हती. बाळाचं रक्त तपासायचं तर कुठं जायचं हे तिला माहीत नव्हतं, एवढंच.

गाडी सुटली. बाळ सिद्धीकडं टक लावून बघायला लागलं. सिद्धीनं त्याच्याकडं बघितलं, आणि बऱ्याच दिवसांनी आपणहून तोंड उघडलं.

"गोरगुंटेपाळ्य," ती बाळाला म्हणाली. "यशवंतपूर. सँडल सोप फॅक्टरी."

थांबली. कपाळाला आठी घालून शोधायला लागली. बाळ वाट बघत होतं. पवित्राही बघत होती, पहिल्यांदाच वर मान करून. या पोरीला सगळी नावं तोंडपाठ असायची, हे तिनं किती वेळा ऐकलं होतं.

महानंदा थांबली. यशवंतपूर आलं, दारं उघडली, मिटली. सँडल सोप फॅक्टरी आलं. सिद्धी अजून शोधत होती.

"महालक्ष्मी," मग महानंदा म्हणाली.

"महालक्ष्मी," सिद्धी म्हणाली, आणि बाळाला परत पहिल्यापासून सांगायला लागली.

समोर पवित्रानं लेकीच्या तोंडातलं पदराचं टोक सोडवलं, पर्समधून एक कागद काढला, औषधाच्या दुकानाचं जुनं बिल, आणि त्याची कोरी बाजू वर केली.

"अक्का," ती खाली बघतच म्हणाली, "पेन्सिल हाय का तुमच्याजवळ?"